हवेत सोडलेली चित्रे

दुसऱ्या महायुद्धापूर्वी लंडनहून 405 रेषांची, म्हणजे तितक्या बारीक पट्ट्यांनी चित्र जुळवणारी दूरचित्रवाणी प्रसारित होत असे. त्या प्रत्यक्ष प्रसारणाचा जो एकच हलता नमुना आज उपलब्ध आहे, तो इंग्लंडमध्ये नव्हे, तर अमेरिकेत टिपला गेला. 1938 च्या नोव्हेंबरात सूर्यावरील हालचाली ऐन भरात होत्या आणि त्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरातून एरवी परत न फिरणाऱ्या लहरीही परावर्तित होऊ लागल्या होत्या. लंडनच्या आसपास पोहोचावे म्हणून सोडलेले बीबीसीचे चित्र अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कजवळच्या रिव्हरहेडला उतरले आणि तिथल्या आरसीए कंपनीच्या अभियंत्यांनी पडद्यासमोर चित्रपटाचा कॅमेरा लावून ते फितीवर घेतले. जेमतेम चार मिनिटांची ही मूक फीत आहे. चित्र थरथरते, एका आकृतीच्या दोन-दोन सावल्या पडतात, मध्येच सगळे वाहून जाते आणि पुन्हा जुळते. तरी निवेदिका जॅस्मिन ब्लाय ओळखू येते, आणि नंतर एका नाटकातील ऐतिहासिक वेशभूषेतली पात्रेही दिसतात.

ही फीत मी संगणकावर पाहिली आणि तिच्यातील दृश्यांपेक्षा तिच्या एकटेपणाने मला अधिक विचारात पाडले. रोज दोन तास याप्रमाणे जवळजवळ तीन वर्षे चाललेल्या सेवेतून चार मिनिटे उरावीत, आणि तीही परक्या देशातील कुतूहलामुळे, याला निव्वळ दुर्दैव म्हणून सोडून देता येत नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीची पहिली पंचवीस-तीस वर्षे ज्यांनी घडवली, त्यांनी चित्र दाखवले की ते संपले असे गृहीत धरले होते. साठवण्याची सोय नव्हती हे त्याचे एक कारण होते. पण ती सोय आल्यावरही ही समजूत सहजी सुटली नाही, आणि त्या काळातील कार्यक्रमांचा घाट, त्यांतील धांदल आणि त्यांचे तेज यांचा उलगडा या समजुतीनेच होतो, असे मला वाटते.

गंमत अशी, की ज्याने हे सारे सुरू केले त्याला मात्र चित्र साठवण्याची ओढ अगदी आरंभापासून होती. जॉन लोगी बेअर्ड हा स्कॉटलंडमधील हेलेन्सबर्गचा, 1888 चा जन्म. प्रकृतीने नाजूक, धंद्यात धडपड्या. पायमोजे विकून झाले, त्रिनिदादला जाऊन मुरंब्याचा कारखाना काढून झाला, साबण विकून झाला. 1923 मध्ये हवापालटासाठी तो हेस्टिंग्ज या समुद्रकाठच्या गावी राहिला आणि तिथे चहाची खोकी, टोपीचा डबा, रफूच्या सुया, सायकलच्या दिव्याची भिंगे आणि लाखेचे गोळे यांतून त्याने आपले यंत्र जुळवले. त्या यंत्राचा प्राण म्हणजे पाउल निपको या जर्मन संशोधकाने 1884 मध्ये सुचवलेली, सर्पिल रेषेत भोके पाडलेली तबकडी होती. ती गरगर फिरली की प्रत्येक भोक समोरच्या दृश्याची एकेक पट्टी वाचत जाते, प्रकाशाच्या चढउताराचे विजेत रूपांतर होते, आणि पलीकडे तशीच तबकडी त्याच गतीने फिरत असेल तर पट्ट्या पुन्हा शेजारी शेजारी बसून चित्र तयार होते. 1924 च्या उन्हाळ्यात बेअर्डला विजेचा जबर धक्का बसला. तो बचावला; घरमालकाने मात्र त्याला जागा रिकामी करायला लावली.

पुढचा मुक्काम लंडनच्या सोहो भागात, 22, फ्रिथ स्ट्रीट या इमारतीच्या माडीवर होता. या इमारतीच्या तळमजल्यावर आज बार इटालिया नावाचे कॉफीचे दुकान आहे. वर बेअर्डच्या नावाची पाटी आहे आणि खाली रस्त्यावर खुर्च्या मांडून बसलेली माणसे तिच्याकडे क्वचितच मान वर करून पाहतात. मीही कॉफी घेऊन तिथे बसले होते. याच माडीवर 2 ऑक्टोबर 1925 रोजी बेअर्डच्या पडद्यावर पहिल्यांदा केवळ काळ्या-पांढऱ्या आकाराऐवजी उजेड-सावलीच्या छटांसह चेहरा उमटला. (मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये याच तारखेला सुरू झाले, अर्थात त्याचे निमित्त गांधी जयंतीचे होते.) तो चेहरा माणसाचा नव्हता. शब्दभ्रमकाराच्या बाहुल्याचे ते डोके होते आणि बेअर्डने त्याला स्टुकी बिल असे नाव दिले होते. यंत्राला चेहरा दिसावा म्हणून दिवे इतके प्रखर लावावे लागत, की त्यांच्यासमोर जिवंत माणूस फार वेळ टिकला नसता. ते डोके आजही ब्रॅडफर्डच्या संग्रहालयात आहे. त्याच्या रंगाला पडलेल्या भेगा आणि होरपळलेले केस पाहिले, की त्या खोलीतील उष्म्याची कल्पना येते.

बाहुला दिसला तसा बेअर्ड जिना उतरून धावत खालच्या कचेरीत गेला आणि तिथल्या विल्यम टेंटन नावाच्या वीस वर्षांच्या हरकाम्या मुलाला वर घेऊन आला. त्याला यंत्रासमोर बसवून बेअर्ड पडद्यापाशी गेला, तर पडदा कोरा. मुलगा उकाड्याला घाबरून मागे सरकला होता. तेव्हा बेअर्डने त्याच्या हातावर अडीच शिलिंगांचे नाणे ठेवून त्याला पुन्हा जागेवर बसवले, आणि या वेळी चेहरा दिसला. दूरचित्रवाणीवर दिसलेल्या पहिल्या माणसाला त्याबद्दल मानधन मिळाले होते, ही गोष्ट मला फार आवडते. 26 जानेवारी 1926 रोजी रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सुमारे चाळीस सदस्यांसमोर त्याच माडीवर प्रात्यक्षिक झाले आणि ‘द टाइम्स’च्या वार्ताहराने चित्र पुसट आणि बरेचदा धूसर असल्याचे नोंदवून ठेवले.

बेअर्डच्या चित्रात फक्त तीस रेषा होत्या आणि सेकंदाला साडेबारा चित्रे उमटत. चित्र उभे आणि अरुंद असे. एका माणसाचे डोके आणि खांदे मावले म्हणजे झाले. पण त्यात इतकी कमी माहिती होती, की तिचा विद्युत संदेश कानाला ऐकू येणाऱ्या ध्वनीच्या पट्ट्यात बसत असे. याचे दोन फायदे होते. एक तर ते चित्र साध्या रेडिओच्या प्रक्षेपकावरून दूरवर पाठवता येई. दुसरे म्हणजे जे ऐकू येते ते ग्रामोफोनच्या तबकडीवर कोरताही येते. 1927-28 मध्ये बेअर्डने खरोखरच काही तबकड्या कोरून पाहिल्या आणि या प्रकाराला ‘फोनोव्हिजन’ असे नाव दिले. पण कोरताना झालेल्या कंपनांमुळे चित्राचा मेळ इतका बिघडला होता, की त्या तबकड्यांवरून पाहण्याजोगे चित्र काढणे त्याला जमले नाही. त्या तशाच पडून राहिल्या. 1980 च्या दशकापासून डोनाल्ड मॅक्लिन या अभियंत्याने संगणकाच्या साहाय्याने त्यांतील दोष दुरुस्त करत नेले, तेव्हा त्यांतून स्टुकी बिल आणि नंतर मान वळवून बोलणारी माणसे बाहेर आली. म्हणजे साठवण झाली होती, पण ती उघडण्याची किल्ली हाती यायला जवळपास साठ वर्षे लागली.

बीबीसीला या माणसाचे फारसे प्रेम नव्हते. तिचे महासंचालक जॉन रीथ हेही स्कॉटिश, आणि दोघेही ग्लासगोच्या एकाच तांत्रिक महाविद्यालयातून शिकलेले. पण रीथ यांचा जीव रेडिओत होता आणि चित्रांकडे त्यांनी शेवटपर्यंत संशयानेच पाहिले. बेअर्डच्या कंपनीने सरकारकडे आणि वर्तमानपत्रांकडे धोशा लावल्यावर, 30 सप्टेंबर 1929 पासून बीबीसीच्या प्रक्षेपकावरून प्रायोगिक प्रसारण सुरू झाले. प्रक्षेपक एकच मिळाला होता. त्यामुळे वक्ता आधी दोन मिनिटे नुसता दिसे आणि मग दोन मिनिटे नुसता ऐकू येई. ही कसरत 31 मार्च 1930 रोजी दुसरा प्रक्षेपक मिळेपर्यंत चालली.

त्याच वर्षी 14 जुलैला पहिले नाटक झाले. लुइजी पिरांदेल्लो या इटालियन नाटककाराची ‘तोंडात फूल असलेला माणूस’ अशा नावाची ती छोटी नाटिका होती आणि दिग्दर्शक होते लान्स सीव्हकिंग. ती निवडण्यामागे वाङ्मयीन विचार असेलही, पण पात्रे थोडी, हालचाल कमी आणि बहुतेक सारे बोलणेच, हे तिचे व्यावहारिक गुण होते. कॅमेऱ्यासमोर एका वेळी एकच चेहरा बसत असे. दुसऱ्याची पाळी आली की काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक फळी हाताने समोर सरकवायची, तिच्याआड नटांनी जागा बदलायची, आणि मग ती फळी बाजूला घ्यायची. सी. आर. डब्ल्यू. नेव्हिन्सन या चित्रकाराने काढलेली दृश्यचित्रे अधूनमधून दाखवली जात आणि पार्श्वसंगीताला ग्रामोफोनवर टँगोची तबकडी लावली होती. नटांच्या चेहऱ्यावरची ठेवणसुद्धा यंत्राच्या नजरेने ठरवलेली असे. तीस रेषांत ओठ आणि भुवया हरवून जात, म्हणून त्या गडद रंगाने रेखाव्या लागत. खोलीत उभ्या असलेल्या माणसाला हे सोंग भयानक वाटले असेल. पंतप्रधान रॅमसे मॅकडोनल्ड यांच्या घरी बेअर्डने यंत्र बसवून दिले होते आणि हे नाटक त्यांनी पाहिले. त्या प्रसारणाचा काहीही अंश उरलेला नाही. तीस रेषांच्या प्रसारणातील उरलेली सर्वांत जुनी गोष्ट म्हणजे 1933 च्या एप्रिलमधील एका नृत्यगायनाच्या कार्यक्रमाची काही मिनिटे. कोणा हौशी माणसाने ती घरी बसून अॅल्युमिनियमच्या तबकडीवर कोरून घेतली होती.

यानंतर जे घडले, ते बेअर्डच्या चाहत्यांना दुःखद वाटते. मला ते अटळ वाटते. तबकडी फिरवून मिळणाऱ्या चित्राला मर्यादा होती. ईएमआय कंपनीत आयझॅक शोनबर्ग यांच्या हाताखाली अॅलन ब्लुमलिन आणि त्यांचे सहकारी कोणताही भाग न फिरवता, केवळ इलेक्ट्रॉनच्या झोतावर चालणारा एमिट्रॉन कॅमेरा तयार करत होते. सरकारने नेमलेल्या सेल्सडन समितीने 1935 च्या आरंभी नियमित सेवा सुरू करण्याची शिफारस केली आणि दोन्ही पद्धती आलटून पालटून वापराव्यात असे सुचवले. उत्तर लंडनमधील टेकडीवरचा अलेक्झांड्रा पॅलेस हा मोडकळीला आलेला करमणूक-प्रासाद त्यासाठी निवडला गेला. तिथे बेअर्डच्या 240 रेषा आणि मार्कोनी-ईएमआयच्या 405 रेषा असा सामना लागला. 2 नोव्हेंबर 1936 रोजी उद्घाटन झाले. नाणेफेक बेअर्डने जिंकली होती, म्हणून सोहळा आधी त्याच्या यंत्रावर झाला आणि मग तोच सोहळा, तीच भाषणे आणि अॅडेल डिक्सनचे तेच गाणे दुसऱ्या स्टुडिओत जाऊन पुन्हा सादर करावे लागले. आज त्या दिवसाचे म्हणून जे चित्रण सर्वत्र दाखवले जाते, ते प्रसारण नव्हे. सेवेची ओळख करून देण्यासाठी वेगळ्या चित्रपट-कॅमेऱ्याने घेतलेला तो माहितीपट आहे.

बेअर्डच्या स्टुडिओत काम करणे ही शिक्षाच होती. एका पद्धतीत निवेदकाला मिट्ट काळोखात बसवून त्याच्या चेहऱ्यावरून प्रकाशाचा एक झपाट्याने फिरणारा ठिपका नेत. हातातला कागद वाचणे शक्यच नसे. दुसऱ्या पद्धतीत जमिनीला जखडलेल्या कॅमेऱ्याने फिल्म घ्यायची, ती लगेच सायनाइडयुक्त रसायनात धुवायची आणि ओली असतानाच तिच्यावरून चित्र पाठवायचे. यात मिनिटभराचा उशीर होई. पलीकडे एमिट्रॉन कॅमेरे चाकांवरून हवे तिकडे फिरत. नोव्हेंबर संपता संपता क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत बेअर्ड कंपनीच्या प्रयोगशाळा जळाल्या, आणि 1937 च्या फेब्रुवारीपासून त्याच्या पद्धतीला रजा मिळाली. बेअर्डने दूरचित्रवाणी शोधली असे म्हणणे अर्धसत्य आहे. पण त्याने आरडाओरडा केला नसता, तर बीबीसीने आणखी कित्येक वर्षे रेडिओवरच समाधान मानले असते, याबद्दल मला शंका नाही.

दुपारी तीनला एक तास आणि रात्री नऊला एक तास, एवढाच कार्यक्रम असे. संचाची किंमत शंभर गिनींच्या, म्हणजे एकशे पाच पौंडांच्या आसपास होती आणि त्याच सुमारास फोर्डची सर्वांत स्वस्त मोटार शंभर पौंडांना मिळत होती. युद्धाच्या तोंडावर सुमारे वीस हजार संच होते आणि ते सारे लंडन आणि परिसरातले. इतक्या मूठभर प्रेक्षकांसाठी स्वयंपाकाचे प्रात्यक्षिक, बागकाम, बॅले आणि कारेल चापेकचे यंत्रमानवांचे नाटक असे सारे काही प्रत्यक्ष सादर होत असे. 12 मे 1937 रोजी राजे सहावे जॉर्ज यांच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावर तीन कॅमेरे लावून दाखवली गेली. पुढच्या वर्षी 30 सप्टेंबरला म्युनिकहून परतलेले पंतप्रधान चेंबरलेन विमानातून उतरताना प्रेक्षकांनी त्याच क्षणी पाहिले. 1 सप्टेंबर 1939 रोजी ही सेवा थांबली, कारण प्रक्षेपकाच्या लहरींवरून शत्रूच्या विमानांना दिशा सापडेल अशी भीती होती. मिकी माउसचे व्यंगचित्र मध्येच तोडून पडदा काळा झाला, अशी आख्यायिका आजही सांगितली जाते. ती खोटी आहे. व्यंगचित्र पूर्ण दाखवले गेले होते. 7 जून 1946 रोजी सेवा पुन्हा सुरू झाली तेव्हा तेच व्यंगचित्र दाखवले गेले, आणि जॅस्मिन ब्लायने प्रेक्षकांना विचारले की मी आठवते का. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने बेअर्ड वारला.

युद्धानंतरच्या काळात दूरचित्रवाणी-नाटकाचा जो रिवाज पडला, तो आपल्याकडच्या नाट्यरसिकाला चटकन समजेल. रविवारी रात्री नाटक व्हायचे आणि गुरुवारी ते ‘पुन्हा’ दाखवले जायचे; म्हणजे सगळी मंडळी पुन्हा जमून, पुन्हा रंगून, पुन्हा प्रयोग करायची. विसरलेले वाक्य, अडकलेले दार, चौकटीत शिरलेला ध्वनिक्षेपक, यांतले काही परत घेता येत नसे. मधली पोकळी भरायला कुंभाराच्या चाकावर फिरणाऱ्या मातीचे चित्रण दाखवत. ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी ताटकळत पाहिलेल्या आमच्या पिढीला त्या कुंभाराचा थोडा हेवाच वाटेल.

1947 पासून पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून प्रसारण टिपण्याची पद्धत बीबीसीत आली, पण ती काटकसरीने वापरली जाई. ‘द क्वाटरमास एक्सपेरिमेंट’ या 1953 च्या वैज्ञानिक मालिकेचे सहा भाग अलेक्झांड्रा पॅलेसहून प्रत्यक्ष सादर झाले. त्यांपैकी पहिले दोनच टिपले गेले आणि चित्र बरे येत नाही म्हणून काम थांबवले. दुसऱ्या भागात एक किडा टिपणीच्या पडद्यावर येऊन बसलेला दिसतो. नट गंभीरपणे बोलत आहेत, आणि किडा त्यांच्यावरून निवांत सरकतो आहे. शेवटच्या भागात वेस्टमिन्स्टर अॅबी या लंडनच्या जुन्या चर्चमध्ये वाढलेला राक्षस दाखवायचा होता. त्यासाठी लेखक नायजेल नील यांनी अॅबीच्या मोठ्या छायाचित्राला भोक पाडून, झाडोरा चिकटवलेले हातमोजे घालून त्यातून स्वतःचे हात हलवले. देशाला गुंगवणारा तो प्रसंग आता कोणालाही पाहता येत नाही.

आणि तीच अॅबी, त्याच उन्हाळ्यात, 2 जून 1953 रोजी अगदी वेगळ्या कारणासाठी पडद्यावर आली होती. राणी एलिझाबेथ यांच्या राज्याभिषेकाला कॅमेरे आत नेण्यास आधी नकार होता. लोकांचा रोष पाहून तो मागे घेतला गेला. दोन कोटींहून अधिक लोकांनी हा सोहळा पाहिला आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक दुसऱ्याच्या घरी जाऊन बसले होते. चाळीत एकच संच असतानाचे रविवार ज्यांना आठवतात, त्यांना या आकड्याचे नवल वाटणार नाही. हे प्रसारण मात्र नीट टिपले गेले आणि फिती त्याच दिवशी हवाई दलाच्या विमानांनी कॅनडाला रवाना झाल्या. काय जपायचे आणि काय वाऱ्यावर सोडायचे, याचा निर्णय करता येत होता, हे यावरून उघड होते. नाटकाच्या बाबतीत तो निर्णय बहुधा सोडण्याचाच होई. नट आणि वादकांच्या संघटनांनाही ध्वनिचित्रमुद्रणाची धास्ती होती, कारण टिपलेला प्रयोग पुन्हा दाखवला की दुसऱ्या प्रयोगाचे पैसे बुडणार.

1958 मध्ये बीबीसीने ‘व्हेरा’ नावाचे स्वतःचे मुद्रणयंत्र प्रेक्षकांना दाखवले. त्यात चुंबकीय फीत सेकंदाला पाच मीटर वेगाने धावे आणि भल्यामोठ्या रिळावर पंधरा मिनिटे मावत. अमेरिकी कंपनीच्या सुटसुटीत यंत्रापुढे ते टिकले नाही, पण त्यानंतर साठवणीचा प्रश्न तांत्रिक राहिला नव्हता. तरीही फीत महाग म्हणून ती पुसून पुन्हा वापरण्याचा प्रघात 1970 च्या दशकापर्यंत चालू होता, आणि 1969 मध्ये माणूस चंद्रावर उतरला त्या रात्रीचे बीबीसीचे स्वतःच्या स्टुडिओतील प्रसारणही त्यात गेले. हिशेबनिसाच्या दृष्टीने तो निर्णय चूक नसेलही. पण ज्या संस्थेने आपल्या दूरचित्रवाणीची पहिली वीस वर्षे चित्रे हवेत सोडण्यात घालवली, तिला पुसण्याची हळहळ वाटू नये, हे मला जास्त खरे कारण वाटते.

राहता राहिले 1930 चे ते पहिले नाटक. ते पुन्हा पाहावे असे 1967 मध्ये काही जणांना वाटले, तेव्हा त्यांनी ते तीस रेषांच्या यंत्रावर नव्याने बसवले. सीव्हकिंग सल्ला द्यायला हजर होते; नेव्हिन्सनची मूळ चित्रे सापडली होती आणि टँगोची तबकडीही तीच होती. नट मात्र नवे घ्यावे लागले.